दोन पाचशे पन्नास

सोमवार, ४ मार्च

छटाक,

गेल्या गुरुवारी सकाळी मी नेहमीप्रमाणे साडेसातला केंद्रावर पोचलो. खिडक्या उघडल्या, कपाटातून काटा काढून खुंटीला टांगला, त्याला रिकामी झोळी अडकवली आणि सुई शून्यावर आणली. मग पाच किलोचं माप लावून पाहिलं. पाच किलोच भरलं. तेव्हा कुठे हात जोडले. आधी काटा, मग देव, हा क्रम मी सव्वीस वर्षांत बदललेला नाही. तुझी आई हसायची त्याला. "एकदा देवाचंही वजन करून घ्या," म्हणायची.

नंतर टेबलावर ठेवलेली नवी यादी उघडली. आमच्या अभ्यासातल्या ज्या मुली आता स्वतः आया होणार आहेत, त्यांची ती यादी. तिच्यात नावं नसतात, नुसते क्रमांक असतात. अकराव्या ओळीत ४१७ होता, तुझा क्रमांक. पुढे लिहिलं होतं : वीस आठवडे.

तुझ्या लग्नाचं मला, तू जिथे काचा घासतेस त्या चष्म्याच्या दुकानदाराकडून कळलं होतं. आजोबा होण्याचं अकराव्या ओळीवरून कळलं. चला, कळलं तरी.

हे पत्र तुझा नवरा वाचेल तर त्यालाही समजावं म्हणून दोन शब्द लिहितो. त्याला मी पाहिलेलं नाही, त्यामुळे तो काय जाणतो आणि काय नाही, मला ठाऊक नाही. तू जन्मलीस त्या दोन वर्षांत या भागातल्या चौदा वस्त्यांमध्ये जेवढी मुलं झाली, त्या सगळ्यांना आमच्या संस्थेने क्रमांक दिले. पोटात असल्यापासून आईची मापं घेतली, ती काय खाते ते लिहिलं. मूल झालं की तीन दिवसांच्या आत वजन, लांबी, डोक्याचा घेर. मग दर वर्षी पुन्हा. माणूस पुढे कसा जगतो हे त्याच्या पहिल्या हजार दिवसांत किती ठरतं, एवढंच आम्हाला शोधायचं होतं. लोक आम्हाला 'मोजणीवाले' म्हणायचे. शेजारच्या वस्तीतली एक म्हातारी मला बघितलं की सुनेला ओरडून सांगायची, "अगं, पोर लपव, तो टेप घेऊन आला."

ज्या कारणाने तू मला सोडलंस ते विसरलेलो नाही. तुझी आई स्वयंपाकघरात पडली त्या दुपारी तू मला बावीस फोन केलेस. मी तीन गल्ल्या पलीकडे एका पोराचं डोकं मोजत होतो. मोजताना फोन पिशवीत ठेवायचा असा आमचा नियम. मी नियम पाळला. संध्याकाळी तू म्हणालीस, "बाबा, तुम्हाला जगाच्या बायकांची नाडी कळते." पुढचं बोलली नाहीस. चार वर्षं झाली.

एक मागणं आहे. डॉक्टरांकडे जाऊन रक्तदाब बघून घे, आणि दर पंधरा दिवसांनी बघत जा. कारण काही विशेष नाही. वय झालं की माणूस उगाच काळजी करतो.

बाबा


शुक्रवार, १५ मार्च

छटाक,

तुझं पत्र आलं. चार ओळींचं असलं तरी तुझ्या अक्षरातलं होतं, म्हणून खूप वेळा वाचलं. तू लिहितेस :

"केंद्रातल्या बाईंनी माझं कार्ड बघितलं. जन्मवजन दोन किलो पाचशे पन्नास आहे, त्यामुळे मी जोखमीच्या यादीत नाही. तीन महिन्यांनी या म्हणाल्या. कार्डावर सही तुमचीच आहे. डोकं दुखतं ते दिवसभर काचा घासून, डोळ्यांपुढे ठिपके येतात ते पण त्यानेच. तुम्ही काळजी करू नका, मला त्याची सवय नाही."

शेवटचं वाक्य बरोबर आहे.

पण त्या आकड्याला एवढं धरून बसू नकोस. चोवीस वर्षांपूर्वीचे काटे स्प्रिंगचे होते. उन्हाळ्यात स्प्रिंग सैल पडायची, सुई कधीमधी अडकायची, पन्नास-शंभर ग्रॅम इकडेतिकडे व्हायचे. आणि जोखमीच्या यादीची रेघ अडीच किलोवर आहे. अडीचच्या खाली जन्मलेल्या मुलींना गरोदरपणात साखर आणि रक्तदाब धरतो, हे आमच्या अभ्यासातून दिसलं. म्हणून त्यांना दर पंधरा दिवसांनी बोलावतात, रेघेच्या वरच्यांना तीन महिन्यांनी. तू रेघेच्या जेमतेम वर आहेस. डोकं काचांनीच दुखत असेल, पण बीपी बघायला पाच मिनिटं लागतात.

परवा मी आमच्या डॉक्टरांकडे गेलो होतो. तरुण आहेत, तुझ्याहून चार-पाच वर्षांनी मोठ्या असतील. मला 'काका' म्हणतात. त्यांना म्हटलं, "४१७ ला जोखमीच्या यादीत घ्या."

"का? काही तक्रार?"

"डोकं दुखतं म्हणते."

त्यांनी फाइल मागवली, पहिलं पान उघडलं आणि हसल्या. "काका, ही तुमची मुलगी ना? वजन तर चांगलं आहे. आणि तुम्हीच घेतलंय, म्हणजे शंकाच नको. इथे लोक तुमच्या आकड्याची शपथ घेतात."

"तरी घ्या."

"तुमच्याच मुलीसाठी नियम वाकवला तर बाकीच्या काय म्हणतील? बोलावते तिला, पण तिच्या तारखेला." मग समजूत घालावी तशा म्हणाल्या, "पहिलं नातवंड आहे, होतं असं."

मी बाहेर आलो आणि हात धुतले. मापं घेण्याआधी धुतो तसे, कोपरापर्यंत. मोजायला कुणीच आलेलं नव्हतं.

छटाक, जा ग एकदा. माझं म्हणून नको जाऊस. कुणाचं तरी म्हणून जा.

बाबा


बुधवार, २७ मार्च

छटाक,

तुझं उत्तर नाही. मी बारा दिवस वाट पाहिली.

काल मावशीकडे गेलो होतो. तुझ्या नवऱ्यासाठी सांगतो : मावशी म्हणजे माझी जोडीदारीण. आमच्याकडे माप कधी एकट्याने घेत नाहीत. एकाने काटा वाचायचा, दुसऱ्याने लिहायचं, मग जागा बदलून पुन्हा. दोन्ही आकडे जुळले तर दोघांच्या सह्या, नाही तर तिसरा माणूस. अठरा वर्षं ती लिहीत आली आणि मी वाचत आलो. आता ती निवृत्त झाली आहे. गुडघे गेलेत, पण जीभ शाबूत आहे.

दारातच म्हणाली, "पोरीचं काही बरंवाईट?"

"अजून नाही."

"मग त्या वजनाचं."

मी काहीच बोललो नव्हतो. चोवीस वर्षांत एकदाही आम्ही त्यावर बोललो नव्हतो. तिने पाणी दिलं, समोर बसली आणि म्हणाली, "तिला छटाक नाव कुणी दिलं, आठवतं? मी दिलं. त्याच दिवशी. अडीच किलोच्या पोरीला कुणी छटाक म्हणतं का रे? तेवढं एक खरं मी बोलले होते. तुला कळावं म्हणून."

"कळलं होतं."

"कळलं होतं आणि तू हसला होतास."

हसलो होतो. मला आठवतं.

तिला म्हटलं, डॉक्टरांना सांगावं म्हणतो. पण दुसरी सही तुमची आहे. केंद्राच्या भिंतीवर तुमचा फोटो आहे. तुम्हाला न विचारता कसं सांगू?

ती गुडघे चोळू लागली. मग म्हणाली, "विचारायला आलायस असं नको म्हणू. कुणीतरी अडवावं म्हणून आलायस. घे, मी अडवते. नको सांगू. बुढीच्या अब्रूचा प्रश्न आहे. झालं समाधान? जा आता घरी, शांत झोप."

"मावशी..."

"माझ्या फोटोला खिळा आहे, काढता येतो. माझं जाऊ दे. तुझं काय जातंय ते सांग. लोक तुझ्या आकड्याची शपथ घेतात ते जाईल. पोरीपेक्षा ते जड आहे का? तू मोजणारा ना? मोज की."

मी उठलो. ती दारापर्यंत आली नाही. आतूनच म्हणाली, "आणि देवाला मध्ये घालू नकोस. त्याने काही लिहायला सांगितलं नव्हतं."

तर छटाक, तुझं वजन कार्डावर आहे त्याहून कमी होतं. काट्याची चूक नव्हती. सुई अडकली नव्हती आणि स्प्रिंगही सैल नव्हती. किती कमी, ते...


रविवार, ७ एप्रिल

छटाक,

वरचं पत्र मी तिथेच थांबवलं, पाकिटात घातलं, तिकीट लावलं. ते अकरा दिवस माझ्या पिशवीत मोजपट्टीच्या शेजारी फिरतंय. आता ते याच पत्राबरोबर येईल. अकरा दिवस तू डोकं धरून काचा घासत असशील आणि मी पाकीट घेऊन हिंडत होतो. हे मी लपवणार नाही, कारण बाकीचं खूप लपवलं आहे.

शुक्रवारी काय झालं ते आधी सांगतो. केंद्रात मोजणीसाठी पाच नव्या मुली घेतल्या आहेत. त्यांना शिकवायचं काम माझ्याकडे. डॉक्टरांनी नमुना म्हणून एक फाइल पाठवली. "सगळ्यांत नीटनेटकी आहे काका, हीच दाखवा." बघतो तर ४१७.

मी ती त्यांच्यापुढे उघडली. तू पोटात असतानाचे तुझ्या आईचे नऊ फॉर्म, प्रत्येक महिन्याला एक. काल काय खाल्लं, किती खाल्लं, दुपारी किती आराम केला. माझं अक्षर. सकाळी दूध एक पेला. दुपारी भात, डाळ, भाजी, एक फळ. दुपारची विश्रांती दोन तास. लोहाच्या गोळ्या रोज.

त्यातली एक मुलगी, चष्मा आहे, कोपऱ्यात बसते, तिने हात वर केला. "सर, नऊ महिने रोज एक पेला दूध? एकदाही पाऊण नाही?"

"नियमित घर होतं," मी म्हणालो.

"आणि बाईचा व्यवसाय लिहिलाय, कपड्यांच्या कारखान्यात इस्त्री विभाग. पाळी आठ ते पाच. मग ही दुपारी दोन तास झोपायची कुठे?"

बाकीच्या हसल्या. त्यांतली एक म्हणाली, "अगं, ते सरांचं घर आहे." चष्मेवालीचं तोंड पडलं. तिला वाटलं तिचं चुकलं.

चोवीस वर्षांत डॉक्टर आले आणि गेले, पाहुणे आले, परदेशातली माणसं आली, सगळ्यांनी ती फाइल पाहिली. पहिल्यांदा कुणीतरी ती वाचली.

आता ऐक. तुझ्या आईला मी ते प्रश्न कधी विचारलेच नाहीत. दिवसभर चौदा वस्त्यांमधल्या बायकांना विचारत फिरायचो, काल काय खाल्लं बाई, आठवून सांगा, वाटी केवढी होती, हाताने दाखवा. हजारो वेळा विचारलं असेल. घरी येऊन तेच विचारायची लाज वाटायची, कारण उत्तर मला दिसत होतं. ती आठव्या महिन्यापर्यंत वाफेच्या इस्त्रीपुढे नऊ-नऊ तास उभी असायची. घरी आली की माझ्या आईचं, माझ्या भावांचं, माझं ताट. सगळ्यांचं झालं की पातेल्याच्या बुडाशी उरेल ते तिचं. दूध एक पेला येत होतं हे खरं, पण ते मी प्यायचो. "तुम्ही उन्हात हिंडता," म्हणायची. मी प्यायचो, आणि दुसऱ्या दिवशी केंद्रात बसून तिच्या नावापुढे लिहायचो.

आपल्या घरच्यांची मापं आपण घ्यायची नाहीत, असा नियम होता. पण आमच्या तेव्हाच्या मोठ्या बाई अभिमानाने सांगायच्या की आमच्या कार्यकर्त्याचं स्वतःचं घर या अभ्यासात आहे. पाहुण्यांना माझे फॉर्म दाखवायच्या. मला ते आवडायचं. खेड्यातल्या शाळेत शिकलेला मी, माझं अक्षर परदेशातल्या माणसांनी हातात धरून पाहिलं. त्यासाठी मी तुझ्या आईला कागदावर जेवू घातलं.

मग तू झालीस. तिसऱ्या दिवशी मी आणि मावशी आलो. दाराच्या चौकटीला काटा टांगला, झोळी लावली, सुई शून्यावर आणली. मावशी जमिनीवर बसून फॉर्म मांडीवर घेऊन म्हणाली, "बोल." तू झोळीत एवढीशी मुडपून पडली होतीस. सुई थरथरली आणि थांबली. एक किलो नऊशे पन्नास.

माझ्या डोक्यात तुझा विचार आला नाही. आले ते नऊ फॉर्म. रोज दूध पिणाऱ्या, दुपारी दोन तास झोपणाऱ्या बाईला दोन किलोच्या आतलं मूल झालं, तर मोठ्या बाई विचारणार, हे कसं? शेजारी चौकशी होणार, कारखान्यात चौकशी होणार. दोन किलोच्या आतलं मूल आणि त्याची आई, दोघांनाही आम्ही तीन आठवडे दवाखान्यात ठेवायचो. तिथे तुझ्या आईला कुणीतरी तेच प्रश्न विचारले असते, आणि तिने खरं सांगितलं असतं.

मी म्हणालो, "दोन पाचशे पन्नास."

अडीच नेमकं नाही म्हटलं. शून्य-शून्यवर संपणारा आकडा संशयाचा, हे मीच इतरांना शिकवायचो. पन्नास जोडले की आकडा खरा दिसतो.

मावशीने मान वर केली, तुझ्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. लिहिलं. दुसऱ्या वाचनाला ती उठलीच नाही. "माझंही तेच," म्हणाली. मग बाळाला झोळीतून काढताना म्हणाली, "ये ग छटाक."

आतून तुझ्या आईने विचारलं, "किती भरली?"

"अडीचच्या वर."

तेव्हा ती म्हणाली, "मग बरं. मला वाटलं, मला काही जमलं नाही."

छटाक, गेली चोवीस वर्षं मी पहाटे उठून डोळे मिटून बसतो. घरातल्यांची, वस्तीतल्यांची, गेलेल्यांची नावं घेतो. हे वाक्य आलं की मी पुढच्या नावावर जातो. जसं काही देवाला ते ठाऊकच नाही आणि मी सांगितलं नाही तर कळणारही नाही.

तू जगलीस ते तुझ्या आईच्या हातांमुळे. माझं 'अडीचच्या वर' तिने ऐकलं, पण तिच्या हातांनी ते मानलं नाही. अडीच महिने तिने तुला छातीवरून खाली ठेवलं नाही. स्वयंपाक करताना कापडाने बांधून, झोपताना उताणी झोपून. माझी आई म्हणायची, "एवढे काय वेडे लाड करायचे? धडधाकट पोर आहे, वजन घेतलंय तिच्या बापाने." ती दर दोन तासांनी उठून तुला पाजायची. दवाखान्यात आम्ही आयांना जे शिकवायचो, ते सगळं ती न शिकता करत होती. मी मात्र संध्याकाळी येऊन दुधाचा पेला रिकामा करत होतो.

आता शेवटचं. हे मी कुणालाही सांगितलेलं नाही, मावशीलाही नाही.

तू पाच वर्षांची असताना असं ठरलं की ज्या बायकांना हलकं मूल झालं, त्यांचा स्वतःचा रक्तदाबही दर वर्षी बघायचा. अशा बायकांना पुढे त्याचा त्रास होतो असं दिसत होतं. यादी करायचं काम माझ्याकडे आलं. दोनशे तीस बायका. फाइलींमधून एकेक आकडा बघून, अडीचच्या खालची निवडून, माझ्या हाताने ती यादी मी लिहिली. ४१६ घेतली. ४१७ ची फाइल उघडली, पहिलं पान पाहिलं, बंद केली. ४१८ उघडली.

पंधरा वर्षं त्या बायकांना दर वर्षी बोलावणं गेलं. पुष्कळजणींना गोळ्या सुरू झाल्या. त्या आजही बाजारात भेटतात, काका म्हणतात. तुझ्या आईचं डोकं दुखायचं. ती म्हणायची, वाफेने दुखतं. डोळ्यांपुढे ठिपके येतात, म्हणायची, ते पांढऱ्या कपड्यांकडे बघून. मलाही ते सोयीचं होतं. रस्त्यापलीकडे दवाखाना होता. ती पडली तेव्हा डॉक्टर म्हणाले, हे कित्येक वर्षांचं आहे, कुणी बघितलं कसं नाही?

तू मला त्या बावीस फोनांसाठी सोडलंस. तो गुन्हा लहान होता. फोन घेतला असता तरी ती वाचली नसती. म्हणून मी तो मुकाट्याने पत्करला. मोठ्याची चौकशी टळत होती.

तिचं डोकं वाफेने दुखायचं, तुझं काचांनी दुखतंय. तुझ्या चार ओळी मी एवढ्या वेळा का वाचल्या, ते आता तुला कळलं असेल.

खेड्यातल्या शाळेत आमचे गुरुजी पाटीवरची चूक पुसू द्यायचे नाहीत. "चुकीच्या शेजारी बरोबर लिही," म्हणायचे, "दोन्ही दिसू दे." आमच्या केंद्राचा नियमही तसाच निघाला. फॉर्मवर खाडाखोड चालत नाही, पांढरी शाई चालत नाही. चुकलेल्या आकड्यावर एकच रेघ मारायची, खालचं वाचता आलं पाहिजे. शेजारी बरोबर आकडा, सही आणि त्या दिवसाची तारीख. हा नियम मी शेकडो जणांना शिकवला.

उद्या केंद्र बंद आहे. परवा उघडेल.


मंगळवार, ९ एप्रिल

छटाक,

हे पत्र पोचेल तेव्हा आमच्या सिस्टर तुझ्या दुकानात येऊन गेलेल्या असतील. दहा वाजता गाडी निघाली. त्यांनी तुला बरोबर चल म्हटलं असेल. त्यांना माझ्यावरच्या रागापायी परत पाठवलं नसशील, अशी आशा करतो. त्या माझ्याकडून आलेल्या नाहीत. तू आता यादीत आहेस, म्हणून आल्या आहेत. दर पंधरा दिवसांनी येतील.

डॉक्टरांनी सगळं ऐकून घेतलं. शेवटी विचारलं, "काका, मग तुम्ही मोजलेल्या बाकीच्या आठशे मुलांचं काय?"

"ते आकडे खरे आहेत," मी म्हणालो. "पण मी म्हणतो म्हणून धरू नका."

त्या म्हणाल्या की माझी सही असलेले सगळे फॉर्म बाजूला काढावे लागतील, वरच्यांना कळवावं लागेल, आणि उद्यापासून मी येऊ नये. आवाज चढला नाही. चढला असता तर बरं वाटलं असतं. मी किल्ल्या टेबलावर ठेवल्या. जाताना भिंतीवरचा मावशीचा फोटो तसाच होता. तिने सकाळीच फोन करून डॉक्टरांना सांगितलं होतं, दुसरं वाचन मी केलंच नव्हतं, माझंही लिहून घ्या. माझ्याआधी पोचली ती.

तुझ्याकडून मला काही नको. उत्तर नको. क्षमा मागण्यासारखं हे नाही, आणि मागितली तरी ती द्यायला जी हवी होती ती नाही.

फक्त काय केलं ते लिहून ठेवतो. साडेसातला गेलो. खिडक्या उघडल्या. काटा टांगला, झोळी लावली, सुई शून्यावर आणली. हात जोडले नाहीत. डॉक्टर आल्यावर त्यांच्यासमोर ४१७ ची फाइल उघडली, पहिलं पान काढलं आणि निळ्या शाईने दोन किलो पाचशे पन्नासवर आडवी रेघ मारली. शेजारी लिहिलं, एक किलो नऊशे पन्नास. खाली सही केली आणि आजची तारीख घातली.

रेघ एकच आहे. खालचा आकडा वाचता येतो.

बाबा